आधी उजेड, मग काचा

१५ फेब्रुवारी २०१३. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सकाळी ९.२०च्या सुमारास सूर्यालाही फिकं पाडणारा लखलखाट झाला. काय झालं ते पाहायला लोक खिडक्यांशी धावले आणि तिथंच फसले. सुमारे २० मीटर व्यासाचा लघुग्रह सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं वातावरणात घुसून जवळपास ३० किलोमीटर उंचीवर फुटला होता. उजेड क्षणात पोचला. हवेतली धक्कालहर मात्र दोनेक मिनिटांनी आली, तेव्हा माणसं काचेजवळच उभी होती. सुमारे दीड हजार जण जखमी झाले, तेही बहुतेक फुटक्या काचांनी. मृत्यू एकही नाही. स्फोटाची ऊर्जा हिरोशिमावरच्या बॉम्बच्या तीसेक पट; उंचीनं शहर वाचवलं, इतकंच.

गंमत अशी, की त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार, हे खगोलशास्त्रज्ञांना वर्षभर आधी ठाऊक होतं. हा मात्र सूर्याच्या दिशेनं आला आणि दुर्बिणींना दिसलाच नाही. असा लखलखाट कधी दिसलाच, तर खिडकीपासून लांब पळा; बघायची हौस नंतर.

चेबार्कुल तळ्याच्या बर्फाला भोक पाडून बुडालेला मोठा तुकडा त्याच वर्षी ऑक्टोबरात वर काढला. ५७० किलोंपर्यंत मोजून वजनकाटा मोडला.