बारा मिनिटांची अट

चेंबर म्युझिक म्हणजे दोन-चार, फार तर आठ-नऊ वादकांसाठी लिहिलेलं संगीत. प्रत्येक वादकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ येते, समोर हात हलवणारा संचालक नसतो. दिवाणखान्यातल्या बैठकीसारखं ते जवळ बसून ऐकायचं. नवख्या रचनाकाराचा खरा कस इथेच लागतो. मोठ्या वाद्यवृंदाच्या गजरात खपून जाणारी कच्ची ओळ चार वाद्यांत लगेच उघडी पडते.

१९०५ साली लंडनमध्ये वॉल्टर विल्सन कॉबेट यांनी ब्रिटिश रचनाकारांसाठी अशीच एक स्पर्धा सुरू केली. कॉबेट कारखानदार होते, यंत्रांचे पट्टे बनवायचा त्यांचा धंदा; पण जीव सगळा व्हायोलिनमध्ये आणि घरी जमणाऱ्या वादनात. दोन व्हायोलिनं, व्हिओला आणि चेलो अशा चौकडीसाठी रचना पाठवायची होती. ती सलग असावी, बारा मिनिटांपलीकडे जाऊ नये, आत लय आणि भाव हवे तसे बदलावेत, पण चारही वाद्यांना सारखंच महत्त्व हवं. प्रकाराचं नाव 'फँटसी'. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्हायल या तंतुवाद्यांसाठी असे तुकडे लिहिले जात. तीच परंपरा कॉबेटना पुन्हा जागवायची होती.

वरवर जाचक वाटणारी ही अट मला फार शहाणपणाची वाटते. त्या काळी चौकडी म्हटली की चार वेगवेगळे भाग, मध्ये विश्रांती, हा साचा ठरलेला. विद्यार्थी तो गिरवायचे. भागच एक उरला की संथातून द्रुतात कसं शिरायचं, आधीचा विषय पुन्हा कुठे आणायचा, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

पहिलं बक्षीस विल्यम हर्लस्टोनला मिळालं. दम्याने पोखरलेला हा गुणी संगीतकार पुढच्याच वर्षी, अवघ्या तिसाव्या वर्षी गेला. इंग्लिश संगीताचं ते मोठं नुकसान.

त्याच स्पर्धेत फ्रँक ब्रिजनेही चौकडी पाठवली होती. पहिला क्रमांक हुकला, तरी तो १९०७च्या फेरीत पुन्हा उतरला आणि जिंकला. या वेळी पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी लिहायचं होतं. ब्रिजने रचनेची कमान बांधली: आवेशी सुरुवात, मग संथ भाग, मधोमध खेळकर द्रुत तुकडा, पुन्हा तोच संथ भाग आणि अखेर सुरुवातीच्या विषयांकडे परत. परतलेला संथ भाग पहिल्यासारखा ऐकू येत नाही, कारण मधल्या धावपळीने आपले कान बदललेले असतात. चार भागांच्या साच्यात हे साधलं नसतं.

ब्रिज पुढे एका शाळकरी मुलाला रचना शिकवू लागला. तो मुलगा बेंजामिन ब्रिटन. १९३२ साली, अठराव्या वर्षी, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्याने पाच तंतुवाद्यांच्या फँटसीसाठी कॉबेटच्याच नावाचं पारितोषिक मिळवलं. त्याच वर्षी ओबो आणि तीन तंतुवाद्यांसाठी दुसरी फँटसी लिहिली. तीही एकाच भागाची; एकट्या चेलोवर उमटणारं कूच शेवटी चेलोकडेच परततं. गुरूची कमान इथे स्पष्ट दिसते. १९३४मध्ये फ्लॉरेन्सच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ती वाजली, तेव्हा ब्रिटन वीस वर्षांचा होता आणि कॉबेट शहाऐंशीचे.