एमएक्स नोंद
एमएक्स नोंद अर्थात मेल एक्स्चेंजर नोंद ही डोमेन नाम प्रणालीतील एक नोंद असून, एखाद्या डोमेनच्या नावे आलेला ईमेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारावा हे ती सांगते. क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी १९८६ मध्ये आरएफसी ९७४ या दस्तऐवजात तिच्या वापराचे नियम मांडले.

नोंदीत सर्व्हरचे नाव व प्राधान्यक्रमांक असतो. लहान क्रमांकाच्या सर्व्हरशी आधी संपर्क साधला जातो. नवख्यांना हे हमखास उलटे वाटते.

संस्थेचा ईमेल मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेससारख्या सेवेकडे नेताना प्रथम डोमेनची मालकी सिद्ध करावी लागते. बहुधा टीएक्सटी नोंदीने. एवढ्याने ईमेलची वाट बदलत नाही. एमएक्स नोंद बदलल्यावरच तो नव्या सेवेकडे वळतो. तेव्हाही इतरत्रचे डीएनएस सर्व्हर टीटीएल ही मुदत संपेपर्यंत जुनी नोंद जपून ठेवतात. त्या काळातील काही पत्रे जुन्याच टपालपेटीत पडतात आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बदलापूर्वीच टीटीएल कमी करतात व जुनी पेटी काही दिवस चालू ठेवतात.

बाहेर जाणाऱ्या ईमेलसाठी एसपीएफ ही वेगळी नोंद असते. डोमेनला ती एकच असावी लागते. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडल्यास पडताळणी फसते.