कोथीमोरा खुकुरी : घडण, नक्षी आणि कालनिश्चय

जुन्या पोथीच्या अखेरीस लेखक आपलें नांव, गांव, शक, तिथि आणि पोथी कोणासाठीं लिहिली हें नमूद करतो, आणि संशोधक प्रथम तेंच पान उलटून पाहतो. शस्त्रसंग्राहकाला ही सोय बहुधा नसते. नेपाळांतील कोथीमोरा खुकुरी या बाबतींत विशेष फसवी आहे. तीवर पुष्कळदां लेख असतो, परंतु तो जिला ती दिली किंवा ज्यानें ती करविली त्या व्यक्तीचा. ज्यानें घडविली त्याचा नव्हे. अशा खुकुऱ्या आजहि मागणीप्रमाणें करून मिळतात आणि त्यांतल्या कांहीं पुढें जुन्या म्हणून विकल्या जातात. म्हणून ही वस्तु कशी करविली जाते, तींत कोणाचा हात कोठें लागतो आणि नवी करवून घेणारानें तीवर काय कोरवून ठेवावें, याचा विचार येथें करूं.

खुकुरी, जिला आपल्याकडे कुकरी म्हणतात, तें नेपाळच्या डोंगरी मुलखांतील नित्याचें हत्यार होय. सरपण तोडणें, बोकड कापणें आणि प्रसंगीं लढणें हीं सर्व कामें तिनेंच होतात. आपण खंडेनवमीस शस्त्रें पूजतों त्याच दिवशीं दशैंच्या सणांत तिकडेहि शस्त्रपूजा होते. काठमांडूस छाउनी येथील राष्ट्रीय संग्रहालयांत द्रव्य शाहाची म्हणून सांगितली जाणारी एक खुकुरी आहे. द्रव्य शाहानें गोरखा इ. स. १५५९ मध्यें घेतलें. ‘सांगितली जाणारी’ हे शब्द आम्हीं जाणूनबुजून घातले आहेत, कारण परंपरेचा आधार आणि लेखाचा आधार यांत वाचकांनीं नेहमींचा भेद येथेंहि करावा.

कोथीमोरा हा त्याच हत्याराचा मानाचा प्रकार. कोथी म्हणजे म्यानाच्या टोंकावरील धातूचें टोपण. या प्रकारांत तें टोपण व म्यानाचें तोंड चांदीनें, क्वचित् सोन्यानें, जाळीदार नक्षी करून मढवितात. कांहीं म्यानांना रुप्याच्या सांखळ्याहि असतात. इ. स. १८१४–१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाच्या वेळींच, म्हणजे १८१५ पासून, कंपनीनें गोरखा पलटणी उभारण्यास आरंभ केला. पुढें त्या पलटणींतून सेवानिवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांस अशी खुकुरी भेट देण्याचा प्रघात पडला. नेपाळ दरबाराकडूनहि पाहुण्यांस ती दिली जाई. यामुळें आज बाजारांत दिसणाऱ्या पुष्कळ नगांवर पलटणीचें चिन्ह आणि एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचें नांव आढळतें.

एका कोथीमोऱ्यास निदान तीन कारागीर लागतात. पातें करतो तो कामी, म्हणजे लोहार. म्यानाचें चामडें सारकी करतो. रुप्याचें काम सुनार करतो, किंवा काठमांडूच्या खोऱ्यांत नेवार समाजांतील शाक्य कारागीर. भोजपूर व धरान हीं पूर्व नेपाळांतील ठिकाणें पात्यांसाठीं प्रसिद्ध आहेत. हल्लीं पोलाद बहुतेक मोटारगाड्यांच्या कमानींच्या पट्ट्यांचें असतें. पट्टी कोळशाच्या भट्टींत तापवून ठोकीत ठोकीत कामी तिला पोटाकडे रुंद व पुढें वांकडी अशी आणतो. त्याची पाणी देण्याची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तो सबंध पातें पाण्यांत बुडवीत नाहीं, तर लाल तापलेल्या पात्याच्या केवळ धारेवर किटलीच्या तोटीनें पाण्याची बारीक धार सोडतो. त्यामुळें धार कठीण होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. अशा पात्याच्या पाठीवर कानस लागते, धारेवरून मात्र घसरते. (जुन्या नगावर हा प्रयोग कोणीं करूं नये हें सांगणें न लगे.) केवळ शोभेसाठीं केलेल्या पात्यांस पुष्कळदां पाणीच दिलेलें नसतें, आणि चांदी कितीहि उंची असली तरी तें हत्यार नव्हे, दागिना होय.

मूठ म्हशीच्या शिंगाची, हाडाची किंवा शिसवी लांकडाची असते. पात्याचा मागील शेंपटा मुठींत लाखेनें पक्का बसवितात. दुसऱ्या प्रकारांत शेंपटा मुठीइतकाच रुंद असतो व त्यावर दोन्ही बाजूंनीं फांकी ठेवून खिळे मारतात. याला पानावाल म्हणतात. म्यान दोन पोकळ लांकडी फांकींचें असून त्यावर चामडें किंवा मखमल चढवितात. मागील बाजूस दोन लहान हत्यारें असतात. कर्द ही छोटी सुरी, आणि चकमक ही बोथट पट्टी. दुसरीनें पात्याची धार नीट करतात व गारेवर आपटून विस्तवहि पाडतां येतो. आपल्या भाषेंत ‘चकमक’ हा शब्द विस्तवाशीं आणि लढाईशीं सारखाच जोडला गेला आहे, ही गोष्ट वाचकांस मौजेची वाटेल.

नक्षीकाम करणारा चांदीचा पत्रा राळेवर बसवितो, मागून ठोकून आकार उठवितो, मग समोरून बारीक छिन्न्यांनीं रेषा स्पष्ट करतो व मधली जागा कापून जाळी पाडतो. जाळींतून खालची मखमल दिसते, आणि या कामाची सारी शोभा त्या दिसण्यावर आहे. येथेंच करविणाराची परीक्षा होते. पशुपतिनाथाचें देऊळ, मोर, दोन आडव्या खुकुऱ्या, पलटणीचें चिन्ह आणि शिवाय आपलें नांव इतकें सर्व एका वीतभर जागेंत मागणारे गिऱ्हाईक असतात, व कारागीर निमूटपणें तें भरून देतो. आमच्या मतें एक वेल, एखादी देवता व भरपूर मोकळी मखमल एवढ्यावर थांबावें. सोपविलेल्या व परत आलेल्या चांदीचें वजन तोळ्यांत लिहून घ्यावें. एक तोळा ११.६६ ग्रॅमचा. सर्वांत आधीं पातें पसंत करावें. म्यान पात्याच्या मापानें होतें, आणि ज्यांनीं चांदी प्रथम ठरविली त्यांस पातें म्यानाच्या सोयीचें मिळतें.

आतां जुन्या नगांचा कालनिश्चय. पातें, म्यान व चांदी हीं तीन स्वतंत्र अंगें आहेत, त्यांचें वय एकच असेल असें गृहीत धरूं नये. इ. स. २००३ मध्यें काठमांडूंतील लगन सिलेखान्यांतला जुना शस्त्रसांठा अमेरिकन व्यापाऱ्यांनीं विकत घेतला. त्यांत हजारों बंदुकांबरोबर खुकुऱ्याहि होत्या, व पुष्कळ पात्यांच्या पाठीवर देवनागरी अक्षरें आहेत. तीं सैनिकांच्या वापराचीं साधीं पातीं होत. अशा पात्यास चांदीचें नवें म्यान चढविलेलें दिसलें तर लेख खरा आणि वस्तु मात्र जोडलेली, अशी स्थिति होते. हें जुन्या पोथीस नव्या फळ्या बांधण्यासारखें आहे. फळ्यांवरून पोथीचा काळ कोणी ठरवीत नाहीं.

लेखांत ‘श्री ३’ असेल तर तो राणा प्रधानमंत्र्यांचा निर्देश होय. जंगबहादूर इ. स. १८५६ मध्यें महाराज झाले तेव्हांपासून ही पदवी चालली, व राणांची सत्ता १९५१ मध्यें संपली. ‘श्री ५’ हा राजाचा निर्देश. वर्षाचा आंकडा वाचतांना अधिक सावध राहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत शाह राजांच्या रौप्यमुद्रांवर शक घातलेला आढळतो, विसाव्यांत विक्रम संवत् येतो, आणि नेवारांचा नेपाळ संवत् इ. स. ८७९ पासून मोजतात. शक आणि विक्रम यांत १३५ वर्षांचें अंतर आहे, तेवढ्या अंतरानें वस्तूची किंमत व तिची कथा दोन्ही बदलतात. पात्यावर सोन्याची तारकशी बसविलेली असेल तर तें नेपाळचेंच काम असें लगेच म्हणूं नये, कारण पंजाबांतील सियालकोट व गुजरात हीं गांवें या कोफ्तगारीसाठीं नांवाजलेलीं होतीं.

राहिला घडविणाराचा प्रश्न. कांहीं पात्यांवर कामीची लहानशी खूण असते, नांव सहसा नसतें. इ. स. १८५४ च्या मुलुकी ऐनानें कामी व सारकी यांस ज्यांच्या हातचें पाणी चालत नाहीं अशांत घातलें होतें. ज्याच्या हातचें पातें कमरेस लावावयाचें व देवघरांत पूजावयाचें, त्याच्या हातचें पाणी मात्र घ्यावयाचें नाहीं, अशी ही व्यवस्था होती. इ. स. १९६३ च्या नव्या ऐनानें कायद्यांतून ती काढली. व्यवहारांतून ती तितक्या लवकर गेली नाहीं. या अवस्थेंत चांदीवर मालकाचें नांव कोरलें गेलें आणि लोखंडावर कामीचें कोरलें गेलें नाहीं, यांत नवल नाहीं. परंतु त्यामुळें आज आपण ज्या हातांची कारागिरी वाखाणतों त्यांपैकीं एकाचेंहि नांव आपणांस वस्तूवरून सांगतां येत नाहीं.

म्हणून आज जो कोणी कोथीमोरा करवून घेईल त्यानें पात्याच्या पाठीवर, मुठीच्या लगत, कामीचें नांव, गांव व संवत् कोरवावा, आणि संवत् कोणता हेंहि स्पष्ट लिहवावें. चांदीच्या टोपणाच्या आंतल्या बाजूस सुनाराचें नांव व सारकीचेंहि यावें. कारागिरांस विचारूनच हें करावें. कोणास नांव नको असेल तर त्याची खूण घ्यावी. जुना नग विकत घेणारानें नेपाळचा प्राचीन वस्तूंच्या निर्यातीसंबंधींचा कायदा पाहावा. आपल्याकडील १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तु पुरावस्तु ठरते. हस्तलिखितांस ती मर्यादा ७५ वर्षांची आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

मागणीचा कागद, वजनाची नोंद व नक्षीचा मूळ आराखडा वस्तूबरोबर जपावा, पण म्यानांत कोंबूं नये. चामडें ओल धरतें, त्यानें कागद कुजतो व पातें गंजतें. पातें तेल लावून म्यानाबाहेर, सुती कापडांत गुंडाळून ठेवावें. आणि चांदीवरचा काळसरपणा घांसून काढण्याच्या भरांत नक्षीच्या बारीक रेषा झिजवूं नयेत.