गूढ आवाज आणि मेंदूतली धोक्याची घंटा

लातूर-धाराशिव भागात जमिनीतून गूढ आवाज आल्याची बातमी अधूनमधून येते आणि लोक घराबाहेर धाव घेतात. यामागे जुनी जखम आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपेत असताना, भूकंपाने किल्लारी, सास्तूरसह अनेक गावे जमीनदोस्त केली. त्या रात्रीतून वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीत आजही नुसत्या गडगडाटाने धडधडते. हा भित्रेपणा नव्हे. त्याचे कारण प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून कळते.

उंदराला एक ठरावीक आवाज ऐकवून लगेच पायाला विजेचा सौम्य झटका दिला, की थोड्याच वेळात तो नुसत्या आवाजानेही जागच्या जागी थिजतो. त्याचा रक्तदाबही वाढतो. कानावर आलेली खबर मेंदूतल्या बदामाएवढ्या 'अमिग्डाला' या भागात पोहोचते आणि पुरता विचार होण्याआधीच धोक्याची घंटा वाजते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांच्या संशोधनातून पुढे आले. बंगळुरूमध्ये सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांना 2002 मध्ये आढळले, की दीर्घ ताणाखाली उंदराच्या अमिग्डालातील पेशींच्या फांद्या वाढतात. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र त्या आखडतात.

एक फरक लक्षात ठेवावा. उंदीर निशाचर असल्याने त्याला लख्ख उजेडाची धास्ती वाटते, तर माणूस अंधारात जास्त दचकतो. रात्रीचा आवाज म्हणूनच अधिक झोंबतो.

झटका न देता तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकवला, तर उंदराची भीती ओसरते. पण जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर 'आता धोका नाही' ही नवी आठवण बसते. त्यामुळे जागा बदलली किंवा बराच काळ लोटला, की भीती पुन्हा डोके वर काढू शकते. माणसांवरील एक्स्पोजर उपचार याच तत्त्वावर चालतो. भीतीच्या गोष्टीला तज्ज्ञाच्या मदतीने, सुरक्षित वातावरणात, पायरीपायरीने सामोरे जायचे असते.

जमीन हादरल्यावर मोकळ्या जागेत थांबणे शहाणपणाचेच आहे. पण धोका टळूनही महिनाभर झोप लागत नसेल, घरात पाऊल ठेववत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. 'एवढ्याशा आवाजाला काय घाबरता?' असे घरच्यांनी मात्र म्हणू नये.