उमेदवाराचे भाषण आणि सत्तेवरील मत : केनेडी यांचे अल्जीरियाविषयक भाषण (१९५७) व गोवामुक्ती (१९६१)

प्रास्ताविक

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की, तेथील उमेदवार परराष्ट्र धोरणावर काय बोलतात याची चर्चा आपल्याकडेही सुरू होते. वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात, दूरचित्रवाणीवर वादविवाद होतात आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी वर्गात विचारतात, "सर, हा निवडून आला तर आपल्यासाठी चांगला की वाईट?" ज्यांच्या घरची माणसे आखाती देशांत, जहाजांवर किंवा युरोपात नोकरीला आहेत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचा नसतो. त्याचे उत्तर शिक्षकाने अंदाजाने देणे योग्य नाही. मात्र अशा भाषणांकडे आणि त्यांवरील प्रतिक्रियांकडे कसे पाहावे हे तो उदाहरणाने दाखवू शकतो.

प्रस्तुत लेखात असे एक उदाहरण घेतले आहे. ते दूरच्या अल्जीरियापासून सुरू होते आणि आपल्या डिचोली-पेडण्याच्या पुलांपर्यंत येऊन पोहोचते.

१९५७ चे भाषण

२ जुलै १९५७ रोजी सिनेटर जॉन केनेडी यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये अल्जीरियाच्या प्रश्नावर भाषण केले. त्यांनी आपली उमेदवारी औपचारिकरीत्या जाहीर केली ती २ जानेवारी १९६० रोजी. परंतु १९५६ च्या पक्ष-अधिवेशनात उपाध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्या हातून थोडक्यात निसटली होती. त्यामुळे १९५७ मध्येच त्यांच्याकडे भावी उमेदवार म्हणून पाहिले जात होते व त्यांचे प्रत्येक भाषण त्याच दृष्टीने वाचले जात होते.

त्या वेळी अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. फ्रान्स हा 'नाटो' संघटनेतील अमेरिकेचा मित्र असल्याने अमेरिकेने या प्रश्नावर जाहीरपणे बोलण्याचे टाळले होते. केनेडी यांचे प्रतिपादन असे होते की, साम्राज्यवाद हा स्वातंत्र्याचा शत्रू आहे, मग तो सोव्हिएत असो वा पाश्चात्त्य. अमेरिकेने अल्जीरियाच्या स्वतंत्र राजकीय अस्तित्वासाठी आपले वजन खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती.

या भाषणाची प्रतिक्रिया तीव्र झाली. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांनी नापसंती दर्शविली. केनेडी यांच्याच पक्षातील माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी कठोर टीका केली. त्याच पक्षाचे १९५२ व १९५६ चे उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन यांनाही ते रुचले नाही. मित्रराष्ट्र दुखावले जाईल, असा सूर अनेक मोठ्या वृत्तपत्रांनी लावला. पॅरिसमध्ये सरकारी वर्तुळात संताप झाला, पण तेथीलच 'लेक्सप्रेस' या साप्ताहिकाने भाषणाचा संपूर्ण मजकूर छापला, कारण फ्रान्समध्येही युद्धाला विरोध करणारा वर्ग होता. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या व नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतील देशांत मात्र या भाषणाचे स्वागत झाले.

भाषण एकच, पण प्रतिक्रिया चार प्रकारच्या. प्रत्येक जण आपल्या हितसंबंधांच्या जागेवरून ते ऐकत होता. सत्ताधारी त्यात विरोधकाची चाल पाहत होते, तर पक्षातील ज्येष्ठ त्यात कनिष्ठाचा उतावीळपणा पाहत होते. फ्रेंच सरकारला त्यात परक्याची ढवळाढवळ दिसली आणि पारतंत्र्यातील जनतेला आशा.

गोव्यात हे कोण ऐकू शकत होते?

गोव्याच्या दृष्टीने अल्जीरियाचा प्रश्न परका नव्हता. फ्रान्स अल्जीरियाला वसाहत न म्हणता फ्रान्सचाच भाग म्हणत असे. पोर्तुगालनेही १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले होते. वसाहत नाहीच, तर स्वातंत्र्य कशाचे, असा हा युक्तिवाद होता.

अमेरिकी शब्दांचा अनुभवही गोव्याने आधी घेतला होता. २ डिसेंबर १९५५ रोजी डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज प्रदेशांचा उल्लेख 'प्रांत' असा होता. त्यापूर्वी अवघे साडेतीन महिने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे व अन्यत्र निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. कर्नैलसिंग यांनी पत्रादेवीलाच प्राण अर्पण केले. या पार्श्वभूमीवर 'प्रांत' हा एक शब्द भारतात जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला. संसदेत व वृत्तपत्रांत निषेध झाला. नेमक्या त्याच सुमारास भारतभेटीवर आलेल्या बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह या सोव्हिएत नेत्यांनी गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू घेतली. त्यामुळे दोन महासत्तांमधील फरक सामान्य वाचकालाही ठळकपणे दिसला.

गोव्याच्या आत मात्र याची उघड चर्चा शक्य नव्हती. सालाझार राजवटीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता व राजकीय सभांना बंदी होती. म्हणून त्या काळातील गोव्याच्या छापील पानांवर लोकांची खरी प्रतिक्रिया शोधणे व्यर्थ आहे. ती शोधायची तर अन्य साधनांकडे वळावे लागते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून भूमिगत नभोवाणी केंद्र सुरू केले होते. कोकणी व पोर्तुगीज भाषांतून ते जगातील वसाहतविरोधी चळवळींच्या बातम्या गोव्यात पोहोचवत असे. पेडणे-डिचोलीपासून आंबोलीचा घाट दूर नाही. जेथे वृत्तपत्र मुके असते तेथे मौनाचा अर्थ संमती असा लावू नये, हा धडा येथे मिळतो.

उमेदवार सत्तेवर आल्यानंतर

नोव्हेंबर १९६० मध्ये केनेडी निवडून आले. सिनेटर असताना त्यांनी भारताला आर्थिक साहाय्य वाढवावे यासाठी जॉन शेर्मन कूपर यांच्यासह ठराव मांडला होता. त्यामुळे भारतात त्यांच्याविषयी सदिच्छा होती. तरीही शब्दाची परीक्षा पोर्तुगालच्या प्रश्नावरच व्हायची होती.

पहिल्या परीक्षेत ते उतरले. १५ मार्च १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत अंगोलाविषयीच्या ठरावावर अमेरिकेने पोर्तुगालच्या विरोधात, सोव्हिएत संघाच्या बरोबरीने मत दिले. ठराव पुरेशा मतांअभावी संमत झाला नाही, परंतु लिस्बनमध्ये अमेरिकी वकिलातीसमोर संतप्त निदर्शने झाली. पोर्तुगालच्या हातीही एक हुकमाचे पान होते. अझोर्स बेटांवरील लाजेस हवाई तळ अमेरिकेला अत्यंत मोलाचा होता आणि त्याच्या वापराच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपत होती.

दुसरी परीक्षा गोव्याची. १९६१ च्या डिसेंबरमध्ये भारताने लष्करी कारवाईची तयारी केली, तेव्हा अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ यांनी ती पुढे ढकलावी म्हणून प्रयत्न केले. ते निष्फळ ठरले. १८ डिसेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याने प्रवेश केला. म्हावळिंगे परिसरात तोफांचा मारा झाला. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोलीचा पूल आणि पाठोपाठ कोलवाळ व अस्नोडा येथील पूल उडवून दिले. १९ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

डिचोलीत पूल कोसळला त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद भरली. अमेरिकेच्या वतीने बोलायला उभे राहिले ते स्टीव्हन्सन, आता संयुक्त राष्ट्रांतील राजदूत म्हणून. सनदेनुसार बळाचा वापर निषिद्ध आहे, एका देशाला सूट दिली तर ही संघटनाच राष्ट्रसंघाच्या वाटेने जाईल, असे त्यांनी सांगितले. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांची भूमिका अशी होती की, वसाहतवाद हेच मूळ आक्रमण आहे. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा (ठराव १५१४) संमत केला होता. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावाने (क्र. १५४२) गोव्यासह पोर्तुगीज प्रदेशांना स्वयंशासन नसलेले प्रदेश ठरविले होते. भारताच्या भूमिकेला या ठरावांचा आधार होता.

युद्धबंदी व भारतीय सैन्य मागे घेण्याची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर व (तैवानस्थित) चीन अशी सात मते पडली. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक अशी चार. सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव बारगळला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने भारताला आक्रमक ठरविणारा अग्रलेख लिहिला. भारतात याची प्रतिक्रिया निराशेची व रागाची झाली. वसाहतवादाविरुद्ध बोलणारा नेता सत्तेवर असताना त्याच्या देशाचे मत पोर्तुगालच्या बाजूने कसे, असा प्रश्न विचारला गेला.

हा विश्वासघात होता काय?

सोपे उत्तर 'होय' असे आहे, परंतु ते अपुरे आहे. मार्चमधील मत शब्दाला धरून होते. डिसेंबरमध्ये मित्रराष्ट्राचा तळ, 'नाटो'तील ऐक्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा प्रश्न एकाच वेळी समोर आला. बळाच्या वापराविषयीचा आक्षेप केवळ सबब होता असेही म्हणता येत नाही. लहान राष्ट्रांना त्या कलमाचे संरक्षण मोलाचे वाटते. मात्र चौदा वर्षे वाटाघाटींना नकार देणाऱ्या पोर्तुगालवर तेवढाच दबाव का आणला गेला नाही, या भारतीय प्रश्नाला त्या भाषणात समाधानकारक उत्तर नव्हते. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांसमोर ठेवल्या पाहिजेत.

पुढील काळातही हेच दिसते. १ ऑगस्ट २००७ रोजी उमेदवार बराक ओबामा यांनी म्हटले की, खात्रीलायक माहिती असेल आणि पाकिस्तान सरकार कारवाई करणार नसेल, तर आम्ही करू. पाकिस्तानात निषेध झाला आणि त्यांच्या पक्षातील प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना अननुभवी ठरविले. २ मे २०११ रोजी अबोटाबाद येथे ते बोलणे खरे ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांच्या अमेरिका प्रवेशावर बंदीची मागणी केली, तेव्हा ती प्रचारी गर्जना आहे असे अनेकांनी मानले. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा आदेश निघाला. तो शब्दशः तसाच नव्हता, न्यायालयांत तो बदलत गेला, पण प्रचारातील बोलणे पोकळ नव्हते. म्हणजे उमेदवाराचे सर्व बोलणे खोटे मानणे हेही तितकेच चुकीचे, जितके सर्व खरे मानणे.

वर्गातील उपयोग

या उदाहरणावरून शिक्षकांना पुढील प्रश्न घेऊन कोणतेही भाषण वर्गात चर्चेला घेता येईल.

१. भाषण कोणासमोर झाले? मते देणारे श्रोते कोण आणि ज्यांच्याविषयी बोलले गेले ते कोण?

२. टीका किंवा स्तुती करणाऱ्याचे त्यात काय गुंतले आहे? 'जनमत' म्हणून जे छापले जाते ते कोणाचे मत आहे आणि कोणाचा आवाज त्यात नाही?

३. आश्वासन पाळण्याची किंमत काय? अझोर्सचा तळ ही अशीच किंमत होती.

४. सत्तेवर आल्यावर पहिले मत, पहिला करार किंवा पहिला आदेश कोणता? निकाल तेथे लावावा.

पेडणे व डिचोली येथील शिक्षकांना एक वेगळी सोय आहे. पत्रादेवीचे स्मारक, तेरेखोलचा किल्ला आणि कोलवाळचा पूल विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत. १९६१ साली शाळकरी वयात असलेली माणसे अजूनही अनेक घरांत आहेत. त्या दिवसांत बातमी कशी कळली, रेडिओ कोणाकडे होता, कशावर विश्वास ठेवला गेला, हे विद्यार्थ्यांनी त्यांना विचारून लिहून आणावे. सेन्सॉरने छापू न दिलेली प्रतिक्रिया अशा टिपणांतून काही अंशी हाती लागेल.

समारोप

उमेदवाराच्या भाषणावरील पहिली प्रतिक्रिया बहुधा ऐकणाऱ्याविषयी अधिक सांगते, बोलणाऱ्याविषयी कमी. बोलणाऱ्याची ओळख पटते ती पुढे, मित्र आणि तत्त्व यांपैकी एक निवडण्याची वेळ येते तेव्हा. केनेडी यांच्यावर ती वेळ मार्च आणि डिसेंबर १९६१ मध्ये आली आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले. विद्यार्थ्याने भाषण ऐकावे, प्रतिक्रिया वाचाव्यात आणि मत बनविण्यापूर्वी त्या वेळेची नोंद तपासावी, एवढी सवय आपण लावू शकलो तरी पुष्कळ झाले.