मूल इंग्रजी लिहायला कसे शिकते?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर केवढे वादळ उठले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलांनी आता तिशी ओलांडली आहे. वादही केव्हाच शमला. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला तो पडलाच. दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला स्वतःच्या मनातल्या दहा ओळी इंग्रजीत लिहिता येतात का? आणि येत नसतील, तर गाडी नेमकी कुठे अडते?

‘स्वतःच्या मनातल्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वह्या भरलेल्या असतात, त्याबद्दल तक्रार नाही. फळ्यावरून उतरवलेली उत्तरे असतात, गाइडातले निबंध असतात. ‘माय बेस्ट फ्रेंड’ या विषयावरच्या चाळीस वह्या घेऊन बसा. मित्राचे नाव प्रत्येक वहीत वेगळे असेल, पण मित्राचे वडील मात्र सगळीकडे डॉक्टर आणि आई सगळीकडे प्रेमळ! याला आपण लेखन म्हणतो, त्याला गुण देतो, आणि तेच मूल अकरावीला विज्ञान शाखेत किंवा पुढे अभियांत्रिकीला गेले, की प्रयोगाचा अहवाल लिहिताना त्याचा हात का थबकतो, याचे आश्चर्य करत बसतो. मराठी माध्यमातून आलेली किती तरी हुशार मुले त्या पहिल्या वर्षात मनाने खचतात. विषय समजलेला असतो, मांडता येत नाही.

मग याची पाहणी कुणी करत नाही का? पाहण्या होतात, पण लेखनाच्या नाहीत. ‘असर’ नावाची ग्रामीण भागातली पाहणी २००५ साली सुरू झाली. तिने देशाला मुलांच्या वाचनाबद्दल बोलायला लावले, हे तिचे मोठे काम. तिने काही वर्षी इंग्रजीही तपासले. मोठी अक्षरे, छोटी अक्षरे, शब्द आणि सोपी वाक्ये मुलाला वाचता येतात का, वाचलेल्याचा अर्थ सांगता येतो का, एवढे त्यात पाहतात. सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. लाखो मुले तपासायची तर दुसरा मार्ग सोपा नाही, हे मान्य. पण जे मोजले जाते त्याचीच चर्चा होते आणि जे मोजायला अवघड ते हळूहळू विसरले जाते. इंग्रजी लेखनाचे तसेच झाले आहे. दहावीच्या पेपरात पत्र असते, संवाद असतो, बातमी असते. तिथे मुलाला मिळालेले गुण आपल्याला कळतात. ते गुण त्याने कसे मिळवले, हे कळत नाही.

विद्यापीठांतल्या संशोधनाकडे वळलो तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. आपल्याकडे चुका मोजण्याची हौस दांडगी आहे. माझ्या वाचनात आलेल्या कित्येक प्रबंधांचा साचा ठरलेला: विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घ्यायचे, काळाच्या चुका इतक्या, शब्दयोगींच्या इतक्या, स्पेलिंगच्या इतक्या, असे तक्ते करायचे आणि शेवटी ‘अधिक सराव हवा’ अशी शिफारस करायची. चुका पाहणे निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. उलट, चुकीच्या मागे मुलाची केवढी अक्कल असते! ‘मला ताप आला’ हे वाक्य घ्या. मराठीत येणारा ताप हा कर्ता आणि ‘मला’ ही बिचारी चतुर्थी. इंग्रजीत मात्र माणसालाच कर्ता व्हावे लागते, ‘आय हॅव फीव्हर’. ‘टू मी फीव्हर केम’ असे लिहिणारे मूल मराठीचे व्याकरण चोख पाळत असते. आईने हाक मारली की आपण जागेवरून न उठता ‘आलोच’ म्हणतो. क्रियापदाचे रूप भूतकाळाचे, येणे अजून व्हायचे आहे. हे इंग्रजीत न्यायला जाल तर काळ चुकणारच. तांबड्या शाईची फुली मारून यातले काहीच मुलापर्यंत पोचत नाही.

पण चुका मोजण्यात याहून मोठी गोम आहे. जॅकलिन शाक्टर या संशोधक बाईंनी ती १९७४ साली दाखवून दिली. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या लेखनात संबंधी उपवाक्यांच्या चुका कमी सापडल्या, तर फारसी आणि अरबी भाषकांच्या जास्त. मोजणाऱ्याचा निष्कर्ष उघड होता: चिनी-जपानी विद्यार्थ्यांना ही वाक्ये चांगली येतात. प्रत्यक्षात ते विद्यार्थी तसली वाक्ये लिहायचे टाळत होते! जे लिहिलेच नाही, त्यात चूक कशी सापडणार? आपल्या सातवीतल्या मुलाच्या वहीत पाच बिनचूक वाक्ये दिसतात, तेव्हा त्याने मनात जुळवलेली आणि सोडून दिलेली वाक्ये किती होती? एखादा शब्द अडला म्हणून त्याने आजोबांची गोष्ट टाकून ‘माय ग्रँडफादर इज गुड’ एवढ्यावर भागवले असेल, तर त्याची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

ही नोंद करायची म्हणजे कागदाऐवजी लिहिणाऱ्याकडे पाहावे लागते. अमेरिकेत जॅनेट एमिग यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मनातले मोठ्याने बोलायला सांगितले होते. आठच विद्यार्थी, पण लेखन शिकवण्याचा विचार त्याने बदलला. पुढे व्हिव्हियन झॅमेल, ॲन रेम्स यांनी परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत असेच बारकाईने पाहिले. लिहिणारा थांबतो कुठे, मागे जाऊन वाचतो किती वेळा, खोडतो काय, हे सगळे त्यात आले. हे विद्यार्थी मात्र अमेरिकेतल्या महाविद्यालयांतले, जाणत्या वयाचे आणि वर्गाबाहेर पडले की चहूकडे इंग्रजीच ऐकणारे. गेवराईच्या किंवा अक्कलकुव्याच्या शाळेतल्या मुलीला इंग्रजी भेटते ते दिवसाकाठी एका तासिकेत. तिच्या मनात लिहिताना काय चालते, हे या अभ्यासांतून कळण्याजोगे नाही. आपल्या संशोधनातली सर्वांत मोठी पोकळी मला विचाराल तर ही आहे.

दुसरी पोकळी वह्या तपासण्याची. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी एक लेख लिहून खळबळ उडवली. परभाषेतल्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून विद्यार्थ्यांचे लेखन सुधारत नाही, तेव्हा हा उद्योग सोडून द्या, असे त्यांचे म्हणणे. डेना फेरिस यांनी १९९९ साली त्याला उत्तर दिले की, सरसकट असे म्हणता येणार नाही, दुरुस्ती कशी आणि कोणत्या चुकांची करता यावर ते अवलंबून आहे. हा वाद पुढे बरीच वर्षे रंगला. आपल्या शिक्षकाला मात्र तो वाद घालायचीही सवड नाही. साधा हिशेब करा. एका वर्गात साठ मुले, असे तीन वर्ग, म्हणजे एकशे ऐंशी वह्या. एका निबंधाला पाच मिनिटे दिली तरी नऊशे मिनिटे, पंधरा तास! तेही एकाच निबंधाचे. पुन्हा जनगणना आहे, निवडणूक आहे, निरनिराळ्या ऑनलाइन माहित्या भरणे आहे. म्हणून शिक्षक पानाच्या तळाशी सही करून तारीख टाकतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण पंधरा तासांऐवजी दोनच तास हातात असतील, तर त्या दोन तासांत काय केल्याने मुलांचा सर्वाधिक फायदा होईल? दर आठवड्याला दहाच वह्या नीट वाचाव्यात? मुलांनीच एकमेकांच्या वाचाव्यात? की चुका सोडून देऊन मुलाने जे सांगितले आहे त्यालाच दोन ओळींचे उत्तर लिहावे? हे तपासून पाहायला परदेशी जायला नको, यंत्रसामग्रीही नको. आपल्याच पटसंख्येच्या वर्गात वर्षभर करून पाहायला हवे.

‘रायटिंग नेक्स्ट’ या नावाचा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा अहवाल २००७ साली आला. चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अनेक प्रयोग त्यात एकत्र करून पाहिले आहेत. लेखनाची आखणी कशी करावी, दुरुस्ती कशी करावी, सारांश कसा काढावा हे पायरीपायरीने शिकवले तर चांगला परिणाम दिसला. नुसते सुटे व्याकरण शिकवण्याचा परिणाम उलटा निघाला. वाचून व्याकरणाचे पुस्तक फेकून द्यावेसे वाटेल. जरा थांबा. हे प्रयोग मुख्यतः इंग्रजीतच वाढलेल्या समाजातल्या शाळांतले आहेत. ज्या मुलाला इंग्रजी वाक्याचा कान घरातून मिळालेला नाही, त्यालाही व्याकरण निरुपयोगीच ठरेल का? आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी गाठले. तिच्यातून त्यांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा हिशेब न मांडताच आपण तिला जुनाट ठरवून माळ्यावर टाकले. भाषांतराची मी तरफदारी करत नाही. पण मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून पाहण्यात ‘मला ताप आला’सारख्या गाठी सुटतात, असा माझा अनुभव आहे. तो खरा किती, हे कुणीतरी पारखून घ्यावे.

इथेच मराठीचा प्रश्न येतो. कॅनडात काम करणारे जिम कमिन्स यांनी १९७९ साली असे मांडले की, पहिल्या भाषेत कमावलेली समज आणि मांडणी दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. आपण हे भाषणांत फार आवडीने सांगतो. पण ज्या मुलाला मराठीत सलग, मुद्देसूद लिहिता येते तेच इंग्रजीतही पुढे जाते का, हे त्याच मुलाचे दोन्ही भाषांतले लेखन वर्षानुवर्षे शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. आणि मराठीचे निबंधही गाइडातलेच असतील, तर दुसऱ्या भाषेत नेण्याजोगी शिदोरी कोणती? मराठीचे शिक्षक आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच खोलीत बसून चहा घेतात, पण एकाच मुलाच्या दोन वह्या एकत्र उघडून बसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आता हा खटाटोप कशाला? फोनवर विचारले की निबंध तयार! नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि गाइडाचा धंदा मुलांच्या खिशात गेला. माझ्या मते त्यामुळे हा प्रश्न अधिकच धारदार झाला आहे. तयार कागद पाहून मुलाला काय येते हे पूर्वीही नीट कळत नव्हते. आता अजिबात कळणार नाही. त्यावर उपाय म्हणून यंत्राने लिहिलेले ओळखणारी यंत्रे निघाली. त्यांचा एक फटका लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली टोफेल परीक्षेचे ९१ निबंध अशा यंत्रांना दिले. निबंध माणसांनी लिहिलेले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी. सरासरीने पाहता यंत्रांनी निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले! साधे शब्द, ठरावीक वाक्ये, म्हणून संशय. उद्या नाशिकच्या किंवा लातूरच्या एखाद्या मुलीने घाम गाळून लिहिलेला अर्ज याच कारणाने परत आला, तर तिने दाद कुणाकडे मागायची? तिच्याजवळ पुरावा एकच असू शकतो, तो म्हणजे तिचे कच्चे लेखन, खाडाखोड केलेली पाने.

म्हणून पुढच्या संशोधनाची सुरुवात मला कच्च्या वहीपासून व्हावीशी वाटते. आपल्याकडे बी.एड.ला कृतिसंशोधन असते. बहुतेकांच्या लेखी ते फाइल बांधून देण्यापुरते. पण केंद्र पातळीवर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतात, तिथे याला हात घालता येईल. प्रत्येक शिक्षकाने पाचवीतली तीनच मुले निवडावीत: एक चांगले लिहिणारे, एक मधले, एक अडखळणारे. जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये त्यांच्याकडून एकेक पान लिहून घ्यावे, विषय मुलाच्या रोजच्या जगण्यातला, आदल्या दिवशी न सांगितलेला. खोडरबर द्यायचा नाही. त्याच विषयावर आठवड्याने मराठीतही एक पान. लिहून झाले की मुलाला शेजारी बसवून मराठीतच विचारायचे, इथे का थांबलास, हे का खोडलेस, आणखी काय सांगायचे होते? ते फोनवर ध्वनिमुद्रित करायचे, अर्थात पालकांना विचारून. हीच तीन मुले आठवीपर्यंत सोडायची नाहीत. शिक्षकाची बदली झाली तर पाने पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यायची, आणि त्या पानांवर तांबड्या शाईने कुणीही काही लिहायचे नाही.