गाडीची नाडी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलो. मेसमध्ये माझ्या मराठीवर रोज कॉमेंट होतात, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण तो मला पुस्तकातून नाही, एका मिस्त्रीकाकांकडून चक्क वऱ्हाडीत शिकायला मिळाला.

आमच्या घरी २००५ सालची टर्बो डिझेल गाडी आहे. एमएच २९ पासिंग, पंधरा वर्षांनंतर पुन्हा रजिस्ट्रेशन करून घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावाहून यवतमाळला न्यावं लागतं. हिवाळी परीक्षेनंतर घरी गेलो तर बाबा म्हणाले, "गाडी नीट चालत नाही रे." उभ्या उभ्या चालू ठेवली की आतले सगळे थरथरतात, आणि यवतमाळकडच्या चढावर काळा धूर सोडते, ओढतच नाही.

एका गॅरेजमध्ये नुसता धूर बघूनच सांगितलं होतं : टर्बो गेला, पंपही करावा लागेल, सत्तर हजार धरून चला. मीसुद्धा मान डोलावली. टर्बोचार्जर नुकताच शिकलो होतो ना! बाबांनी भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस मिळेल त्या भावात काढायचं ठरवलं. व्यापाऱ्याला फोन करायच्या आधी शेजारच्यांनी हायवेवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं, म्हणून आम्ही तिकडे गेलो.

काकांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी प्रश्न. थरथर थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? रेस दिली की कमी होते का? धूर उभ्या गाडीत निघतो की चढावर? शिट्टीसारखा आवाज येतो का? मी मध्येच म्हणालो, "काका, टर्बोच गेला असेल." ते हसले. "बाबू, तू कालिजात टर्बो शिकला, म्हणून तुले सगयीकडं टर्बोच दिसते. उभ्या गाडीत टर्बो काम तरी करते का?"

मी गप्प. कारण उत्तर मला येत होतं, फक्त मी ते वापरलं नव्हतं.

टर्बो करतो काय?

एक्झॉस्टच्या गरम वायूने एक छोटं चाक फिरतं. त्याच शाफ्टवर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९९८ ची सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ यांनी 'टर्बो' हा शब्द घरोघरी नेला. हा शाफ्ट मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेऊ शकतो, पण केव्हा? लोड असताना. आयडलिंगला एक्झॉस्ट इतका कमी असतो की टर्बो जवळजवळ काहीच दाब देत नाही.

म्हणजे आयडलिंगची थरथर आणि चढावर दम टाकणं ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. आम्ही त्यांना एकच समजून सत्तर हजाराचं एकच औषध द्यायला निघालो होतो.

दुखणं पहिलं : थरथर

चार सिलिंडरपैकी एक नीट काम करत नसेल तर इंजिन लंगडतं. कोणता सिलिंडर, हे शोधायची जुनी रीत काकांनी दाखवली. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. तो काम करत असेल तर इंजिन आणखी अडखळतं. पहिला, दुसरा, चौथा सैल केल्यावर आवाज लगेच पडला. तिसरा सैल केला, काहीच फरक नाही. आळशी सापडला!

इथे एक धोक्याची सूचना. ही रीत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला, आणि तीही जाणत्या माणसाच्या हाताने. कॉमन रेल गाडीत हा नट चालू इंजिनवर कधीही उघडू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि हात गमवायची वेळ येते. त्या गाड्यांसाठी स्कॅनर आहे.

आता तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर खराब की कॉम्प्रेशन कमी? काकांनी पहिल्या आणि तिसऱ्याचे इंजेक्टर आपसात बदलले. आता पहिला सिलिंडर आळशी झाला! दुखणं इंजेक्टरबरोबर सरकलं, म्हणजे इंजेक्टरच दोषी. सरकलं नसतं तर व्हॉल्व्ह, रिंगा, हेड गॅस्केट यांच्याकडे बघावं लागलं असतं. पंपवाल्याकडे टेस्टरवर लावला तर फवारा उडायच्या ऐवजी थेंब पडत होते. नोझल बदललं, खाली नवीन तांब्याचा वॉशर टाकला. थरथर गेली.

दुखणं दुसरं : दम

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर फिल्टर काढला. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कसा असतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. झटकला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपांवर काका बोट फिरवत गेले. इंटरकूलरजवळच्या पाइपाच्या खालच्या बाजूला तेलकट काळा डाग होता. पाइप काढून टबात बुडवला, तोंडं बंद करून हलकी हवा भरली आणि पंक्चरवाल्यासारखे बुडबुडे बघितले. एका बोटाएवढी चीर! गाडी उभी असताना ती मिटलेली असायची, चढावर दाब आला की उघडायची. टर्बो बिचारा हवा भरत होता, ती रस्त्यावर सांडत होती.

माझ्या समाधानासाठी इंजिन थंड झाल्यावर टर्बोही तपासला. चाक बोटाने फिरवलं, कुठे घासत नव्हतं. शाफ्ट आडवा किंचित हलला, तेवढं चालतं. पुढे-मागे हलल्याचं हाताला जाणवलं असतं तर मात्र काळजी.

सगळा खर्च चार हजाराच्या आत.

लक्षात ठेवण्यासारखं

१. तक्रार नीट विचारा : थंड की गरम, उभी की चढावर, कधीपासून. शेवटचं काय काम केलं होतं तेही विचारा.

२. धुराचा रंग बघा. काळा : हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा : ऑइल जळतंय, तेव्हा टर्बोचं सील, रिंगा, व्हॉल्व्ह गाइड बघा. पांढरा : थंड इंजिनात न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय.

३. स्वस्त आणि सोपं आधी : एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, सैल क्लिपा, फाटके पाइप. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली तरी इंजिन अडखळतं.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

५. पेट्रोल टर्बो असेल तर प्लग आणि इग्निशन कॉइल आधी. तिथे फाटका पाइप आयडलिंगलाही त्रास देऊ शकतो, कारण इनटेक मॅनिफोल्डमध्ये तेव्हा व्हॅक्यूम असतो आणि न मोजलेली हवा आत ओढली जाते.

६. लांब पल्ला मारून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगला ठेवा. तापलेल्या टर्बोला तेवढं ऑइल मिळू द्या.

निघताना मी काकांना विचारलं, "तुम्ही हे कुठे शिकलात?" ते म्हणाले, "लय टर्बो फुकट बदलून शिकलो, बाबू. त्या गिऱ्हाइकायचे पैसे आता कुठून वापस देऊ?"

हे वाक्य मी व्हायव्हाला सांगू शकत नाही, पण विसरूही शकत नाही. मीसुद्धा मान डोलावली होती. पुढे आपण नोकरीला लागू, लोक 'इंजिनिअर साहेब' म्हणून आपल्या मान डोलावण्यावर पैसे खर्च करतील. तेव्हा आधी तपासायचं, मग बोलायचं.

दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन मीच यवतमाळला आलो. चढ तिसऱ्या गिअरमध्ये निघाला, धूर नाही. आजीला काही फरक कळला नाही, ती झोपली होती. एरवी थरथरीमुळे तिला झोप लागत नसे. आणि कापूस अजून घरातच आहे. भाव किती मिळेल ते कुणाच्याच हातात नाही, पण बाबांनी व्यापाऱ्याला फोन केला नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी